देवराई : श्रद्धा, सत्ता आणि रान

प्रास्ताविक



मराठी साहित्याचे अध्ययन करताना निसर्ग तुम्हांला वारंवार भेटतो. जात्यावरच्या ओव्या, संतांचे अभंग, बालकवींची कविता, व्यंकटेश माडगूळकरांचे कथात्म लेखन आणि मारुती चितमपल्ली यांचे अरण्यविषयक ललित लेखन यांत रान, नदी, पाऊस आणि पशुपक्षी सतत येतात. या निसर्गचित्रणाचे सौंदर्य आपण जाणून घेतो. मात्र ज्या समाजातून हे साहित्य आले, त्या समाजाचे निसर्गाशी असलेले नाते कसे घडले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

हा प्रश्न निघाला की दोन तयार उत्तरे पुढे येतात. पहिले उत्तर असे की, आपले पूर्वज मुळातच निसर्गपूजक होते आणि आधुनिक काळाने ते नाते बिघडवले. दुसरे उत्तर असे की, जुना समाज अज्ञानी होता, झाडाला व दगडाला देव मानत होता आणि निसर्गरक्षणाची खरी जाणीव विज्ञानामुळे आली. ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी वाटतात. परंतु त्यांच्यात एक समान उणीव आहे. माणसाचे निसर्गाशी असलेले नाते एकदा ठरले की ठरले, असे दोन्ही गृहीत धरतात. वस्तुतः उपजीविका, श्रद्धा, राज्यसत्ता, कायदा आणि बाजार यांच्या परस्परसंबंधांतून हे नाते घडते व काळाबरोबर बदलते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील देवराईच्या उदाहरणाद्वारे आपण ही प्रक्रिया समजून घेणार आहोत.

१. देवराई म्हणजे काय?

देवाच्या नावाने राखून ठेवलेले रान म्हणजे देवराई. 'राई' म्हणजे दाट झाडी. पुणे, सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात 'देवराई' हा शब्द रूढ आहे, तर रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत 'देवरहाटी' किंवा नुसते 'रहाटी' असे म्हणतात. गोव्यातही देवाची राय ही कल्पना परिचित आहे. ही प्रथा केवळ मराठी मुलखापुरती मर्यादित नाही. केरळमधील 'कावु', कोडगूमधील 'देवरकाडु', राजस्थानातील 'ओरण' आणि झारखंडमधील 'सरना' ही तिचीच निरनिराळी प्रादेशिक रूपे आहेत.

देवराई काही गुंठ्यांची असते, तशीच ती अनेक एकरांवरही पसरलेली असते. तिच्यात काळकाई, वाघजाई, जननी, सोमजाई, भैरी अशा ग्रामदेवता असतात. पुष्कळदा त्यांची घडवलेली मूर्ती नसते. शेंदूर लावलेला तांदळा एवढेच देवाचे रूप असते. अनेक ठिकाणी देवीला छप्पर चालत नाही, अशी समजूत आढळते. झाडीच तिचे देऊळ असते.

या राईत आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, सातवीण अशी झाडे प्रचंड उंच वाढतात. गारंबीसारखे महावेल त्यांना वेढून असतात. जुन्या झाडांच्या ढोलींत धनेशासारखे पक्षी घरटी करतात. आसपासचा डोंगर उघडा पडलेला असतानाही राईच्या तळाशी पालापाचोळ्याचा जाड थर असतो आणि पुष्कळ ठिकाणी तिच्या पोटातून झरा वाहत असतो. भोवतालचे रान गेले. एवढेच का राहिले, हा आपल्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

२. नियम, भय आणि उपयोग

'देवाच्या भीतीमुळे' हे या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर होय. राईतली वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही, आत पायताण घालून जायचे नाही, कुऱ्हाड चालवायची नाही. नियम मोडला तर देवीचा कोप होतो, अशी श्रद्धा गावोगावी आढळते. हे भय खरे होते, याविषयी शंका नाही. परंतु नियमांचे स्वरूप बारकाईने पाहिले, तर ते सर्वत्र सारखे नव्हते, असे दिसते.

काही गावांत राईतले काहीही घेण्यास पूर्ण मनाई होती. काही ठिकाणी पडलेले लाकूड होळीसाठी, देवळाच्या दुरुस्तीसाठी किंवा गावातल्या कोणाच्या अंत्यविधीसाठी घेता येत असे. कोकणात झाड तोडण्याची वेळ आली, तर देवाला कौल लावून अनुमती मागितली जाई. मावळातील आजिवली येथील वाघजाईच्या राईत भेर्ली माडाचा रस काढण्याची परंपरा आहे. औषधी साली, मुळ्या आणि फळे यांसाठीही राई उपयोगी पडे. थोडक्यात, राई म्हणजे माणसाचा स्पर्शच न झालेले रान नव्हते. कोणी, कधी, किती आणि कशासाठी घ्यायचे याचे नियम असलेली ती गावाची सामाईक ठेव होती. देवाच्या नावामुळे तिला असा मालक मिळाला होता, की जो ती विकू शकत नव्हता आणि ज्याच्याकडून ती कोणी एकटा लाटूही शकत नव्हता.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही अभ्यासकाने दृष्टिआड करू नये. कौल कोणी लावायचा, मान कोणाचा आणि आत कोणी जायचे नाही, हे गावातील जातींची उतरंड व स्त्री-पुरुषभेद यांनुसार ठरत असे. काही राया स्त्रियांना निषिद्ध होत्या. ज्या बाईला रोज सरपण आणि पाणी आणावे लागे, तिला राईच्या नियमांविषयी बोलण्याचा अधिकार मात्र नव्हता. म्हणून देवराईचे कौतुक करताना तिला आदर्श ग्रामजीवनाचे चित्र मानणे योग्य ठरणार नाही. परंपरा निसर्गाचे रक्षण करते, तेव्हा ती स्वतःमधील विषमतेचेही रक्षण करीत असू शकते.

*थोडे थांबा व विचार करा : तुमच्या परिसरात देवाच्या नावाने राखलेले रान, तळे किंवा एखादे झाड आहे काय? त्याचे नियम कोणी सांगितले आणि ते कोणासाठी अधिक जाचक आहेत?*

३. राईचे मूळ कोठे असावे?

देवराई नेमकी केव्हा निर्माण झाली, याची लेखी नोंद मिळणे अवघड असते. तरीही तिच्या मुळाकडे नेणारे काही धागे उपलब्ध आहेत. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातील मातृदेवतांची स्थाने प्रत्यक्ष पायी हिंडून अभ्यासली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात त्यांनी त्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. यांतील कित्येक स्थाने गावठाणात नसून जुन्या पायवाटांच्या संगमाजवळ आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि त्यांचा संबंध स्थिर शेतीपूर्वीच्या भटक्या जीवनाशी जोडला.

हे म्हणणे राईला लावून पाहिले, तर एक संभाव्य चित्र उभे राहते. सह्याद्रीच्या उतारांवर लोक दीर्घकाळ फिरती शेती करीत. रानाचा एक तुकडा तोडायचा, जाळायचा, दोन-चार वर्षे नाचणी-वरी पिकवायची आणि मग तो तुकडा पुन्हा रानासाठी सोडून पुढे जायचे, अशी ती पद्धत होती. रायगड भागात तिला 'दळी' आणि दक्षिण कोकणात 'कुमरी' म्हणत. अशा जीवनात रानाचा काही भाग कायमचा न तोडलेला ठेवणे हिताचे असते. तेथून बी पसरते, झरा टिकतो, शिकारीचे प्राणी आसरा घेतात. हा शहाणपणा कायद्याच्या भाषेत लिहिलेला नव्हता. तो देवतेच्या भाषेत सांगितला गेला आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. ही उपपत्ती प्रत्येक राईला लागू पडेलच असे नाही. परंतु श्रद्धा आणि उपजीविका या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, हे तिच्यावरून ध्यानात येते.

४. आज्ञापत्रातील झाड

गावाच्या नजरेप्रमाणेच राज्यसत्तेचीही झाडाकडे पाहण्याची एक नजर असते. तिचे उत्तम उदाहरण तुमच्या अभ्यासक्षेत्रातच आहे. रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध केलेले 'आज्ञापत्र' तुम्हांला राजनीतीवरील गद्यग्रंथ म्हणून परिचित असेल. त्यातील आरमारविषयक भागात जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आला आहे. सागासारखी झाडे राज्यातील अरण्यातून परवानगीने तोडावीत, अधिक लागल्यास परमुलखातून खरेदी करून आणावीत, असे तेथे सांगितले आहे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे; परंतु त्या झाडांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, अशी भूमिका ग्रंथकार घेतो. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून व मोबदला देऊन मगच ते तोडावे, असाही निर्देश आहे.

या उताऱ्याला आज सरसकट 'पर्यावरणविषयक आज्ञा' असे म्हटले जाते. अभ्यासक म्हणून आपण अधिक काटेकोर असले पाहिजे. येथे झाडाचे मोल दोन प्रकारांनी ठरते. साग हे राज्याचे साधन आहे, तर आंबा-फणस हे रयतेचे धन आणि तिच्या मायेचा विषय आहेत. अरण्याचे अरण्य म्हणून रक्षण करावे, हा या उताऱ्याचा हेतू नाही. रयतेला दुखवून राज्य चालत नाही, हा राजनीतीचा विचार त्याच्या मुळाशी आहे. असे असले तरी, झाडावर माणसाचा जिव्हाळ्याचा हक्क असतो आणि सत्तेने त्याची संमती मागितली पाहिजे, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे मान्य केले आहे. पुढील शतकात नेमके हेच तत्त्व मागे पडले.

५. राखीव जंगल आणि 'शेतकऱ्याचा असूड'

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. देशभर रूळ पसरू लागले तशी रुळांखालच्या लाकडी पट्ट्यांची मागणी वाढली. १८६४ मध्ये वनखात्याची स्थापना झाली. १८६५ मध्ये पहिला आणि १८७८ मध्ये अधिक कडक असा दुसरा वनकायदा आला. १८७८ च्या कायद्याने वनांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार केले. राखीव वनात विशेष परवानगी असल्याखेरीज सर्व गोष्टींना मनाई होती. ग्रामवनाची तरतूद मात्र बहुतांशी कागदावरच राहिली.

या बदलाचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या रानात जाणे हा कालपर्यंत गावाचा रिवाज होता, त्याच रानात पाऊल टाकणे आता गुन्हा ठरू शकत होते. मोळी आणणारी बाई चोर ठरली. गुरे चारणारा पोरगा दंडास पात्र झाला. कोकणातला शेतकरी भाताची रोपे टाकण्यापूर्वी फांद्या व पालापाचोळा पसरून जमीन भाजतो. त्याला 'राब' म्हणतात. या राबासाठी लागणाऱ्या टहाळ्यांवरही निर्बंध आले. पुणे सार्वजनिक सभेने १८७८ च्या विधेयकाविरुद्ध निवेदन दिले. पुढे ठाणे व कुलाबा भागांतील असंतोष वाढल्यावर सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या बदलाचे चित्र रेखाटले आहे. ज्यांचे शेत पोटापुरते पिकत नसे, असे गरीब शेतकरी पूर्वी आसपासच्या रानातली फळे, पाने, फुले आणि लाकूडफाटा यांच्या आधाराने, गायरानावर एखादी गाय व दोन-चार शेळ्या पाळून गावातच तग धरून राहत. सरकारने वनखाते निर्माण करून डोंगर, पडीत जमिनी आणि गायराने त्यात घातली, तेव्हा हा आधार तुटला, असे फुले यांचे प्रतिपादन आहे. बालकवींच्या रानात आनंद आहे, तर फुल्यांच्या रानात उद्याची भाकरी आहे. दोन्ही रानांना मराठी साहित्यात स्थान आहे आणि दोन्ही वाचल्याखेरीज मराठी माणसाचे निसर्गाशी असलेले नाते पूर्ण कळत नाही.

भाषेतही या इतिहासाच्या खुणा उमटल्या. 'जंगल' हा शब्द संस्कृत 'जाङ्गल' या शब्दापासून आला. आयुर्वेदात त्याचा अर्थ कमी पावसाचा, विरळ झाडीचा कोरडा प्रदेश असा होता. पाणथळ, दाट प्रदेशाला 'अनूप' म्हणत. काळाच्या ओघात 'जंगल' या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. दुसरीकडे माळ, कुरण, गायरान, वरकस, राई हे जमिनीचे निरनिराळे उपयोग सांगणारे शब्द मागे पडले आणि खेड्यापाड्यांत 'फॉरेस्ट' हा एकच शब्द जागेचे, खात्याचे आणि भीतीचेही नाव झाला. जमिनीवरील हक्क गेला की तिच्या बारकाव्यांसाठी असलेले शब्दही हळूहळू वापरातून जातात.

६. स्वातंत्र्योत्तर काळातील राई

राजवट बदलली, परंतु १९२७ चा वनकायदा चालू राहिला. देवरायांची मालकी कागदोपत्री वेगवेगळी झाली. काही राया वनखात्याकडे, काही महसूल खात्याकडे, तर काही देवस्थानांच्या वा खाजगी नावांवर नोंदल्या गेल्या. गाव जिला देवाची म्हणत होते, ती जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याच कोणाची होती.

१९७० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला. धरणांच्या व रस्त्यांच्या कामांबरोबर दुर्गम खोऱ्यांत लाकूडकोळशाचे ठेकेदार पोहोचत होते आणि राया वेगाने नाहीशा होत होत्या, असे त्यांना दिसले. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या राईतील झाडे तोडण्यासाठी निवडली गेली, तेव्हा गावकऱ्यांनीच ती वाचवण्यासाठी या अभ्यासकांकडे मदत मागितली. राई गेली तर तिच्यातून वाहणारे पाणीही जाईल, ही त्यांची चिंता होती. या प्रसंगात गावकऱ्यांची श्रद्धा आणि शास्त्रज्ञांचे ज्ञान परस्परांच्या विरोधात उभे राहिले नाही. दोघांनी एकाच झऱ्याची बाजू घेतली.

बाहेरच्या शक्तींप्रमाणेच आतूनही राईवर घाला आला. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचे पैसे गावात आले आणि ग्रामदेवतेला 'योग्य' असे देऊळ बांधावे, अशी इच्छा बळावली. ज्या देवीला छप्पर नको होते, तिच्यासाठी सिमेंटचे मंदिर, फरशीचे अंगण आणि गाड्या उभ्या करायला जागा हवी झाली. त्यासाठी राईतलीच झाडे विकली गेली. येथे श्रद्धा कमी झालेली नाही, उलट वाढलेली दिसते. मात्र तिचा आशय बदलला आहे. पूर्वी रान हे देवीचे रूप होते, आता ते देवळाभोवतीची रिकामी करण्याजोगी जागा झाले. धार्मिकता टिकली म्हणजे निसर्गही टिकेल, हे गृहीतक किती अपुरे आहे, हे यावरून समजते.

७. नात्याची नवी घडण

मग केवळ जुन्या प्रथांचे पुनरुज्जीवन करणे हा मार्ग आहे काय? गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. या गावाने ग्रामसभेत एकमताने निर्णय घेण्याची पद्धत अंगीकारली आणि स्त्रियांना त्या निर्णयांत सहभागी करून घेतले. गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवून कायदा, जंगल आणि शासनव्यवस्था समजून घेतली. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे २०११ मध्ये स्वतः बांबूची विक्री करण्याचा अधिकारही गावाने प्रत्यक्षात आणला.

देवराईत जे देवतेच्या नावाने होत होते, ते येथे ग्रामसभेच्या नावाने होऊ लागले. दोन्हींत एक गोष्ट समान आहे : रान ज्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे, त्यांच्याकडे ते राखण्याची जबाबदारी आणि त्याचा लाभ हे दोन्ही आहेत. फरक असा की, मेंढ्यात नियम बदलता येतात, त्यांवर चर्चा करता येते आणि जिला पूर्वी बोलण्याचा अधिकार नव्हता ती स्त्रीही त्या चर्चेत असते. परंपरेतला सामूहिकतेचा गाभा राखून तिची उतरंड नाकारता येते, ही शक्यता या उदाहरणातून समोर येते.

सारांश

देवराई टिकली, ती केवळ भीतीमुळे किंवा केवळ निसर्गप्रेमामुळे नव्हे. श्रद्धा, उपजीविका आणि गावाचा सामाईक हक्क हे तिन्ही धागे एकत्र गुंफलेले होते, तोवर ती टिकली. वसाहतकालीन कायद्याने हक्काचा धागा तोडला. बदलत्या अर्थव्यवस्थेने उपजीविकेचा धागा सैल केला. उरलेली एकटी श्रद्धा पुष्कळदा रानाऐवजी देवळाकडे वळली. म्हणून एखाद्या समाजाला 'निसर्गप्रेमी' किंवा 'निसर्गाचा शत्रू' ठरवण्यापूर्वी त्याच्या हाती कोणते हक्क उरले होते, हे विचारणे आवश्यक आहे. साहित्यातील निसर्ग वाचतानाही हा प्रश्न सोबत ठेवल्यास त्याच त्या ओळींत वेगळा अर्थ दिसू लागतो.

स्वाध्याय

१. देवराईच्या रक्षणामागील श्रद्धा व उपजीविका यांचा परस्परसंबंध सोदाहरण स्पष्ट करा.

२. 'आज्ञापत्र' व 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांतील झाडे व रान यांविषयीच्या भूमिकांची तुलना करा.

३. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील वयोवृद्ध स्त्री-पुरुषांशी बोलून जमिनीच्या प्रकारांसाठी ते वापरत असलेल्या शब्दांची यादी करा. यांपैकी कोणते शब्द तुमच्या पिढीने वापरणे सोडले आहे आणि त्या जमिनींचे आज काय झाले आहे, याची नोंद सुमारे ३०० शब्दांत करा. तुम्ही शहरात राहत असाल, तर एखाद्या वस्तीच्या, थांब्याच्या किंवा रस्त्याच्या नावात दडलेले तळे, माळ, राई वा ओढा शोधून हीच नोंद करता येईल.